वडिलांच्या शेतीचा जमा-खर्च विचारायला सर्व्हेवाले येतात. त्यांना खरं सांगावं का?

तुम्ही लिहिलंय की आईवडील पुरंदर तालुक्यात शेती करतात आणि तुम्ही नोकरीसाठी हडपसरला राहता. वर्षात दोनदा घरी सर्व्हेवाले येऊन गेले, बियाण्यापासून गावच्या सहकारी सोसायटीच्या कर्जापर्यंत सगळं विचारून गेले. वडील म्हणतात, "यांना सांगून आपल्याला काय मिळणार? उलट काहीतरी मागं लागायचं." म्हणून तुम्ही विचारताय, खरं सांगावं का, आणि त्याचा उपयोग कोणाला?

खरं सांगावं. मी चार वर्षं लागवड-खर्चाच्या एका पाहणीत जुन्नर आणि शिरूर तालुक्यांतल्या गावांत नोंदी घेतल्या आहेत. ओट्यावर बसून, बांधावर उभं राहून, गोठ्यात धार काढणाऱ्या बाईला विचारत. वडिलांची शंका मी शंभर वेळा ऐकली आहे आणि ती चुकीची आहे असं मला कधीच वाटलं नाही. तरी उत्तर हेच देईन. का, ते एका घराच्या हिशोबावरून सांगते.

जुन्नर तालुक्यातल्या त्या घरी एक एकर गावरान कांदा होता. कांदा विकून झाल्यावर मी मावशींना विचारलं, किलोला कितीला पडला? त्या लगेच म्हणाल्या, "साडेपाच रुपयाला." हिशोब पक्का होता. रोप, खत, औषधं, लावणीचं आणि काढणीचं उक्तं, बारदान, टेम्पोचं भाडं मिळून 58,000 रुपये गेले होते. माल निघाला 105 क्विंटल. हमाली-तोलाई जाऊन किलोला आठ रुपये हातात पडले, म्हणजे 84,000. खर्च वजा जाता 26,000 सुटले, यंदा बरं झालं, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या वहीत मात्र आणखी दोन रकाने होते. मावशी स्वतः त्या एकरात 62 दिवस राबल्या होत्या. खुरपणी, पात कापणं, चाळीत भरणं, मग सडका कांदा निवडून काढणं. काका 38 दिवस, त्यातलं निम्मं काम रात्रीचं पाणी धरण्याचं, कारण शेतीची लाईट रात्रपाळीची. गावात तेव्हा बाईचा रोज 250 आणि गड्याचा 400 होता. त्या दराने घरच्यांची मजुरीच 30,700 झाली. रान घरचं, पण खंडाने दिलं असतं तर हंगामाचे 9,000 आले असते. सगळं धरून 97,700. कांदा पडला होता किलोला सव्वानऊच्या वर, आणि विकला होता आठने.

मग आम्ही तोच हिशोब उलट्या बाजूने मांडला. सुटलेल्या 26,000 मधून खंडाचे 9,000 काढले तर राहिले 17,000. दिवस शंभर. म्हणजे दिवसाला 170 रुपये. मावशी बराच वेळ वहीकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "शेजारच्या रानात रोजानं गेले असते तर ऐंशी रुपये जास्ती मिळाले असते की गं." पुढच्या हंगामात त्यांनी लावणीआधीच काकांसोबत बसून दिवस मोजले आणि निम्म्या रानात हरभरा केला. एखाद्या घराला पाहणीचा सगळ्यात जवळचा उपयोग होतो तो हा. तुमच्याकडे अंजीर असो की वाटाणा, घरच्या माणसांचे दिवस आपण खर्चात धरतच नाही. सावडीने, म्हणजे एकमेकांच्या रानात आळीपाळीने केलेलं काम तर मुळीच नाही.

आता सरकारचं. पिकांचे हमीभाव सुचवणारा कृषिमूल्य आयोग 1965 मध्ये झाला, आणि 1970-71 पासून देशभर मुख्य पिकांचा लागवड-खर्च नोंदवण्याची योजना सुरू आहे. बहुतेक राज्यांत ती कृषी विद्यापीठांमार्फत चालते. तिच्यातून जे निघतं ते मावशींच्या वहीतलंच. खिशातून गेलेला खर्च म्हणजे ए-2. त्यात घरच्यांची मजुरी मिळवली की ए-2 अधिक एफएल. वर स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज धरलं की सी-2. हमीभाव खर्चाच्या किमान दीडपट देऊ, असं 2018-19 च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं. ती दीडपट ए-2 अधिक एफएलवर काढली जाते. शेतकरी संघटनांची मागणी सी-2 वर काढा अशी आहे. कांदा हमीभावाच्या यादीतच नाही, पण समजण्यापुरते मावशींचे आकडे घेऊन बघा: पहिल्या पद्धतीने 88,700 ची दीडपट 1,33,050, दुसऱ्या पद्धतीने 97,700 ची दीडपट 1,46,550. एका एकरात साडेतेरा हजारांचं अंतर. मी स्वतः सी-2 च्या बाजूची आहे, कारण जमीन फुकट नसते. पण कोणतीही बाजू घ्या, मावशींचे ते 62 दिवस कोणी लिहिलेच नसते तर दीडपट काढणार कशाची?

वडिलांना अगदी जवळचं उदाहरण हवं असेल तर सोसायटीचं सांगा. कोणत्या पिकाला एकरी किती पीककर्ज द्यायचं याचा दर जिल्हा पातळीवरची समिती ठरवते, आणि ती बघते पिकाला येणारा खर्चच. पीकविम्याची संरक्षित रक्कमही बऱ्याच पिकांना याच दराशी बांधलेली असते.

आणि आकडे आपल्याकडे नसले की काय होतं, तेही बघा. बारामती तालुक्यातलं सुपे तुमच्या पुरंदरपासून लांब नाही. 12 मे 1875 ला तिथल्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली आणि हाताला लागली ती कर्जखतं जाळली. देणं किती, फेड किती, व्याज किती, हे सगळं फक्त सावकाराच्या कागदावर होतं. शेतकऱ्याकडे स्वतःचा म्हणून एक चिटोरा नव्हता. पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला, त्याने गावोगावच्या कर्जाची माहिती गोळा केली, आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. माझ्या मनाला त्यातलं लागतं ते हेच, की आपलं देणं किती हेही शेतकऱ्याला दुसऱ्याच्या वहीत बघावं लागत होतं.

रिझर्व्ह बँकेने 1951-52 मध्ये देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली. गोरवाला समितीचं ते काम, आणि पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ त्या समितीत होते. शेतकऱ्याच्या कर्जातला सहकारी संस्थांचा वाटा निघाला जेमतेम 3 टक्के, तर सावकारांचा सत्तर टक्क्यांच्या आसपास. समितीच्या शिफारशीवरून 1955 मध्ये इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली, आणि गावच्या सोसायट्यांना सरकारी भांडवलाचा आधार देण्याचं धोरण आलं. तुमचे वडील आज ज्या सोसायटीत जातात, तिच्यामागे त्या वेळी ओट्यावर बसून खरं सांगणारी माणसं आहेत.

अलीकडचा आकडा 2019 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीतला. देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी महिन्याचं उत्पन्न 10,218 रुपये. त्यात मजुरी-पगाराचे 4,063 आणि पिकाचे 3,798. सहाच वर्षं आधी, 2013 मध्ये, पिकाचे 3,081 आणि मजुरीचे 2,071 होते. शेतकऱ्याच्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त यायला लागला, ही केवढी मोठी गोष्ट आहे! सातबारा बघून ती कळली नसती, बाजारभावावरूनही नाही. आणखी एक चांगलं झालं: 2003 च्या पाहणीत कुटुंबाकडे जमीन असण्याची अट होती, 2013 पासून ती काढली. त्यामुळे जमीन नसलेलं, पण शेती-पशुपालन करणारं कुटुंबही शेतकरी म्हणून मोजलं जातं.

या पाहण्यांत खोट नाही असं मी म्हणणार नाही. मोठी पाहणी सहा-दहा वर्षांनी होते आणि आकडे बाहेर येईपर्यंत भाव कुठल्या कुठे गेलेले असतात. सरासरीत बागायतदार आणि कोरडवाहू एकाच पोत्यात जातात. आणि माणूस आठवून सांगतो तेव्हा सगळं गोल होतं. एका दादांनी मला तीन फवारण्या सांगितल्या होत्या. विहिरीवरच्या मोटरच्या खोलीत गेलो तर फळीवर त्याच हंगामाच्या सहा फवारण्यांच्या रिकाम्या बाटल्या. दादा खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच आठवत नव्हतं. तेव्हापासून मी आधी बाटल्या मोजायचे, मग विचारायचे.

भीतीबद्दल एवढंच: सरकारी पाहणी 2008 च्या सांख्यिकी संकलन कायद्याखाली होत असेल, तर तिच्यात दिलेली माहिती त्या कायद्याने राखलेली असते. कोणा एकाची माहिती आकडेवारीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. आलेल्या माणसाचं ओळखपत्र जरूर बघा, कोणत्या कार्यालयाकडून आला ते विचारा. ओटीपी, एटीएमचा पिन मागणारा सर्व्हेवाला नसतो, त्याला दारातूनच परत पाठवा. आणि खर्च फुगवून, उत्पन्न लपवून सांगू नका. दहा घरांनी फुगवलं की अकराव्याच्या खऱ्या आकड्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

पुढच्या वेळी ते येतील तेव्हा वडिलांना आडत्याच्या पट्ट्या, खत-औषधांची बिलं आणि सोसायटीचं पासबुक एका पिशवीत घालून ठेवायला सांगा. तुम्ही जेवढे दिवस गावी जाऊन काम केलंत तेही सांगा, ते दिवसही खर्चच आहेत. आणि आईला ओट्यावर बोलवा. खुरपणीचे दिवस तिच्याच लक्षात असतील.