घरचे मैदान आणि रेफरीचे घड्याळ

प्रश्न : यंदा धान निघाल्यावर शेजारच्या तालुक्यातील एका गावी फुटबॉलचे खुले सामने झाले आणि आमचा संघ अंतिम फेरीत यजमान संघासमोर उभा राहिला. सामना ३५-३५ मिनिटांचा होता. शेवटपर्यंत आम्ही १-० ने पुढे होतो. वेळ संपल्यावर रेफरीने सात मिनिटे वाढवून दिली, त्या सात मिनिटांत यजमानांनी बरोबरी साधली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये आम्ही हरलो. आमचा गोलकीपर दोनदा पडला होता, पाण्यासाठी एकदा खेळ थांबला होता आणि चेंडू लाखोळीच्या बांधीत गेल्यावर तो शोधण्यात वेळ गेला होता, हे खरे आहे. पण म्हणून सात मिनिटे? परदेशातील मोठ्या क्लबांविषयीही असेच बोलले जाते. रेफरी घरच्या बड्या संघाला खरोखरच झुकते माप देतात का, की हरलेल्यांची ही नेहमीचीच तक्रार आहे?
— एक वाचक, ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर

उत्तर : घरच्या संघाला झुकते माप मिळते, याला चांगला पुरावा आहे. ‘बड्या’ संघाबाबतचा पुरावा मात्र तितका पक्का नाही, म्हणून या दोन गोष्टी वेगळ्या ठेवूनच उत्तर द्यावे लागेल.

या विषयावरील सर्वांत गाजलेला अभ्यास स्पेनमधील आहे. लुईस गॅरिकानो, इग्नासियो पालासिओस-उएर्ता आणि कॅनिस प्रेंडरगास्ट या तीन अर्थशास्त्रज्ञांनी तेथील अव्वल साखळीच्या १९९४-९५ आणि १९९८-९९ या दोन हंगामांतील सामने तपासले व २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. उत्तरार्धानंतर साधारण तीन मिनिटे वाढवून मिळत. परंतु घरचा संघ एका गोलने मागे असला की हा वेळ चार मिनिटांच्या आसपास जाई आणि तोच संघ एका गोलने पुढे असला की दोन मिनिटांच्या आसपास येई. बदली खेळाडू, कार्डे इत्यादींचा हिशेब वजा केल्यावरही हा फरक उरला. दोन किंवा अधिक गोलांचे अंतर असेल, म्हणजे वाढीव मिनिटांनी निकाल फिरण्याची आशाच नसेल, तेव्हा मात्र तो दिसत नव्हता. आणखी एक बाब बोलकी आहे. या दोन हंगामांच्या दरम्यान विजयाला दोनऐवजी तीन गुण देण्याचा नियम आला आणि पक्षपात वाढला. एका गोलाची किंमत जितकी जास्त, तितके घड्याळ अधिक लवचीक.

यावर कोणी म्हणेल की पुढे असलेला पाहुणा संघ वेळकाढूपणा करतो, गोलकीपर किक मारायला सावकाश जातो, पायात गोळा आल्याचे निमित्त करून खेळाडू मैदानावर लोळतात, मग वेळ वाढणारच. आक्षेप रास्त आहे, पण अर्धाच. घरचा संघ पुढे असतो तेव्हा तोही हेच उद्योग करतो आणि तरीही त्या वेळी भरपाईचा वेळ सरासरीपेक्षा कमी निघतो. वेळकाढूपणाची भरपाई हेच खरे कारण असते, तर दोन्ही बाजूंनी वेळ वाढायला हवा होता.

मग रेफरी विकले जातात का? तसे मानण्याची गरज नाही. जर्मनीतील बुंडेसलिगा या अव्वल साखळीच्या अभ्यासात असे आढळले की जेथे प्रेक्षक आणि मैदान यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक आहे, तेथे घरच्या संघाकडे असलेला कल सौम्य होतो. इंग्लंडमध्ये ४० रेफरींना एकाच सामन्याचे चित्रीकरण दाखवून फाउल ओळखायला सांगितले होते; काहींना ते प्रेक्षकांच्या आवाजासह दाखवले, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या संघाचे फाउल सुमारे १५ टक्के कमी धरले. पैसा मधल्या ट्रॅकला जुमानत नाही, ओरडा जुमानतो. करोनाच्या काळात २०२० मध्ये रिकाम्या स्टेडियममध्ये सामने झाले, तेव्हा पाहुण्या संघांना मिळणाऱ्या पिवळ्या कार्डांचे प्रमाणही घटले.

आता बड्या क्लबांविषयी. प्रशिक्षक ॲलेक्स फर्ग्युसन यांच्या काळात इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबला मिळणाऱ्या वाढीव वेळाला ‘फर्गी टाइम’ असे नावच पडले होते. या कथेचे मूळ बहुधा १० एप्रिल १९९३ च्या शेफील्ड वेन्सडेविरुद्धच्या सामन्यात सांगितले जाते, ज्यात युनायटेडच्या स्टीव्ह ब्रूस यांनी ८६ व्या मिनिटाला बरोबरी आणि ९६ व्या मिनिटाला विजयी गोल केला. त्या सामन्यात मुख्य रेफरी स्वतःच जखमी होऊन बाहेर गेले होते व त्यांच्या जागी लाइन्समनला उभे राहावे लागले होते, हा तपशील कथा सांगणारे सहसा गाळतात. बडा संघ आपल्या मैदानावर मागे पडणे हीच दुर्मीळ गोष्ट असल्याने अशा सामन्यातले प्रत्येक वाढीव मिनिट लोकांच्या लक्षात राहते, आणि मैदान भरलेले असल्याने दबावही तेथेच सर्वाधिक असतो. माझ्या मते क्लबच्या नावापेक्षा ही गर्दीच अधिक काम करते.

आपल्या सामन्याकडे येऊ. खेळाच्या सातव्या नियमानुसार दुखापत, बदली खेळाडू, शिक्षा, गोलनंतरचा जल्लोष, पाणी पिण्याची विश्रांती आणि मुद्दाम केलेला विलंब यांत गेलेला वेळ भरून द्यायचा असतो. पाण्याच्या विश्रांतीला एक मिनिटाहून अधिक वेळ देऊ नये, असेही नियम सांगतो. चेंडू बाहेर जाणे हा खेळाचाच भाग असल्याने प्रत्येक थ्रो-इनचा वेळ मोजत नाहीत. पण सामन्याला एकच चेंडू असेल आणि तो बांधीत शिरून सापडेनासा झाला असेल, तर तो विलंब धरणे योग्यच आहे. आपल्याच पत्रातील घटना जुळवल्या तर चार-पाच मिनिटे सहज भरतात. उरलेली दोन मिनिटे कोठून आली, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, आणि स्पेनमधला फरकही जवळपास तेवढाच होता! मात्र निकाल आता बदलणार नाही, कारण खेळातील घटनांबाबत रेफरीचा निर्णय नियमाने अंतिम असतो.

पुढच्या वर्षी आयोजकांकडे सामन्याआधी दोन मागण्या करा. एक, टेबलावर बसणाऱ्या माणसाने खेळ थांबल्याची व पुन्हा सुरू झाल्याची वेळ वहीत लिहावी. दुसरी अधिक महत्त्वाची : शेवटचे मिनिट संपताना रेफरीने वाढीव मिनिटे दोन्ही कर्णधारांना बोटांनी दाखवावीत. एकदा जाहीर केलेला वेळ नियमानुसार वाढवता येतो, कमी करता येत नाही. त्यामुळे आकडा सांगण्यापूर्वी रेफरीला हिशेब करावाच लागतो. रेफरी तिसऱ्या तालुक्यातला मिळाला तर उत्तमच, परंतु ओरडणारे लोक तेच राहणार असल्याने त्यावर फार विसंबू नये.

प्रश्न : शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडीचा वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत मोजतात. मग फुटबॉलमध्ये खेळ थांबला की घड्याळ का थांबवत नाहीत?
— एक वाचक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

उत्तर : फुटसालमध्ये, म्हणजे पाच-पाच खेळाडूंच्या छोट्या मैदानावरील फुटबॉलमध्ये, थांबवतात; तेथे २०-२० मिनिटांचा खेळ आणि स्वतंत्र वेळाधिकारी असतो. मैदानी फुटबॉलमध्ये ९० मिनिटांपैकी चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण ५५ ते ६० मिनिटे, त्यामुळे ४५ मिनिटांचा डाव तसाच ठेवून घड्याळ थांबवत गेल्यास सामना फार लांबेल. म्हणून ३०-३० मिनिटांच्या प्रत्यक्ष खेळाची कल्पना २०१७ मध्ये नियम ठरवणाऱ्या मंडळापुढे चर्चेला आली होती. ती स्वीकारली गेली नाही. त्याऐवजी वाया गेलेला वेळ काटेकोर मोजण्यावर भर आला. २०२२ च्या कतार विश्वचषकात इंग्लंड-इराण सामन्याच्या पूर्वार्धातच इराणी गोलकीपरच्या दुखापतीमुळे १४ मिनिटे वाढवली गेली, ती याच धोरणातून. वेळ मोजणारा मात्र अजूनही तोच एक रेफरी आहे.