अमूर्त चित्रातली ‘भौतिकता’: हा शब्द ठेवावा का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावचे कलाशिक्षक विचारतात: गावच्या वाचनालयात आजच्या अमूर्त चित्रकलेवर बोलायचं आहे. फळ्यावर विषय लिहिला, ‘अमूर्त चित्रांतील भौतिकता आणि अध्यात्म’. तो वाचून एका म्हाताऱ्या वाचकाने हटकलं, “गुरुजी, अमूर्त म्हन्लं का देवच आला, मंग त्यात भौतिक कायचं?” शीर्षक खरंच स्वतःलाच खोडतं का? ‘अमूर्त’ऐवजी ‘निराकार’ किंवा ‘निर्गुण’ चालेल का? आणि ‘भौतिकता’ला दुसरा शब्द आहे का?

गुरुजी, बुवांनी बोट नेमक्या जागी ठेवलं आहे. फक्त दोष ‘अमूर्त’चा नाही, ‘भौतिकता’चा आहे.

‘निराकार’ आधी बाजूला करू. या चित्रांत आकार असतो, बहुतेकदा आकारच असतो. रशियन चित्रकार मालेविचने १९१५ साली काढलेला काळा चौकोन पाहा. चौकोनाहून ठाम आकार कोणता? (तो त्याने प्रदर्शनात मुद्दाम खोलीच्या वरच्या कोपऱ्यात टांगला, रशियन घरात जिथे देवाची प्रतिमा लावतात त्या जागी. हे व्याख्यानात जरूर सांगा.) आपल्याकडचे चित्रकार सय्यद हैदर रझा यांचा बिंदू, त्याभोवतीचे त्रिकोण, पट्टे, हेही आकारच. ‘निर्गुण’ही नको. चित्रात लाल असेल तर लालपणा हा गुण आला. गुण नसलेलं चित्र दिसणारच कसं? पारिभाषिक लेखनात ‘अप्रतिरूप’ असाही एक शब्द आहे. अर्थाने तो चोख आहे, कशाचंही प्रतिरूप नसलेलं. पण वाचनालयाच्या फळ्यावर तो वाचून निम्मे लोक परत जातील.

राहिला ‘अमूर्त’. त्याचा उलगडा ‘मूर्त’मध्ये आहे. आपल्या कानाला ‘मूर्त’ म्हणजे मूर्तीसारखं, डोळे-नाक असलेलं असं वाटतं. पण शब्द संस्कृत ‘मूर्च्छ्’ धातूपासून आला आहे. मूर्च्छा येते तीही त्याच धातूची, आणि गाण्यातली मूर्च्छनाही. या धातूचा एक अर्थ दाट होणं, घट्ट होणं. म्हणजे ‘मूर्त’ मुळात थिजलेलं, साकळलेलं. त्यात चेहरा असायलाच हवा असं नाही. या हिशेबाने तैलरंगातलं प्रत्येक चित्र मूर्तच ठरतं, मग त्यात झाड-माणूस असो की नुसता पिवळा. तैलरंगात रंगाची पूड मुख्यतः जवसाच्या तेलात खलतात. आपल्याकडे चटणीला वापरतो तेच जवस. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचा हळूहळू घट्ट पापुद्रा होतो. थिजणं म्हणजे मूर्त होणं, आणि कॅनव्हासवर अक्षरशः तेच होतं.

मग अशा चित्राला ‘अमूर्त’ म्हणणं चूक? व्युत्पत्तीने चूक, रूढीने बरोबर. मराठीत हा शब्द आता ‘ओळखीची वस्तू न दाखवणारं’ एवढ्याच अर्थाने पक्का बसला आहे, आणि रूढीपुढे व्युत्पत्तीचं चालत नाही. तो राहू द्या. पण ‘अमूर्त’ शब्दाच्या जोरावर चित्र आपोआप आध्यात्मिक ठरवू नका. बुवांचा “देवच आला” तिथूनच येतो, आणि प्रदर्शनांच्या पुस्तिका लिहिणारी शहरी मंडळीही त्याच वाटेने घसरतात.

जुन्या वापरात तर देवाचा वाटा एकाच बाजूला नव्हता. बृहदारण्यक उपनिषदात ब्रह्माची दोन रूपं सांगितली आहेत, मूर्त आणि अमूर्त. दोन्ही ब्रह्माचीच. वायू आणि अंतरिक्ष अमूर्त, बाकीचं मूर्त. (वैशेषिक म्हणजे एका जुन्या दर्शनाचे तत्त्वज्ञ. त्यांना हे पटलं नाही, त्यांनी वायूला मूर्तात घातलं. शब्दांवरून भांडायची आपली सवय जुनी आहे.) पुढे त्याच ठिकाणी ‘आता अध्यात्म’ असं म्हणून ऋषी काय सांगतो? शरीराबद्दल सांगतो. प्राण आणि शरीरातली पोकळी सोडून उरलेलं सगळं मूर्त, आणि त्या मूर्ताचा रस म्हणजे डोळा. चित्रावर बोलणाऱ्याला याहून चांगला आधार कुठे मिळणार? ‘अध्यात्म’ म्हणजे ‘अधि’ आणि ‘आत्म’ मिळून झालेला शब्द, स्वतःच्या ठायी असलेलं. त्या ‘स्वतः’त हाडामांसाचा देहही होता. देह एकीकडे आणि अध्यात्म दुसरीकडे ही वाटणी त्या शब्दात नाही.

आपल्या भागातला दाखला द्यायचा तर अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर घ्या. महानुभावांत मूर्तिपूजा नाही. चक्रधरस्वामी, गोविंदप्रभू जिथे बसले, वावरले तिथे ओटे आहेत, त्यांना ‘स्थान’ म्हणतात. त्यांच्या संबंधाने पावन झालेली वस्तू म्हणजे ‘प्रसाद’. त्यांचा स्पर्श झालेल्या दगडांनाही नमस्कार करतात. ओट्याला चेहरा नाही, दगडाला घडण नाही, आणि तरी ती निव्वळ कल्पनाही नव्हे. हाताला लागणारा चुना-दगड आहे. तिथे रूपाने काही ठरत नाही, संबंधाने ठरतं. तुमच्या श्रोत्यांत महानुभावी घरचं कोणी असलं तर अमूर्त चित्र त्यांना समजावायला फार वेळ लागू नये.

आता ‘भौतिकता’. मूळ अर्थाने शब्द वाईट नाही. भूत म्हणजे पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. त्यांचं ते भौतिक. पण आज हा शब्द कुठे कुठे बसून आला आहे ते पाहा. ‘भौतिक सुख’ म्हटलं की पाठोपाठ कीर्तनकाराची फटकार येते. ‘भौतिकवाद’ म्हटलं की देव न मानणारे आले. आणि तुम्ही तर शिक्षक. ‘भौतिक सुविधा’ म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे वर्गखोल्या, स्वच्छतागृह आणि संरक्षक भिंतीचा तक्ता उभा राहत असेल. ‘अध्यात्म’च्या शेजारी हा शब्द ठेवला की वाचणारा त्यांची कुस्तीच लावणार.

‘जडता’ त्याहून वाईट. जड म्हटलं की समोर चेतन उभं राहिलंच, म्हणजे निकाल आधीच लागला. ‘पदार्थता’ वाचून आपल्याकडे पाटोडी-रस्सा आठवेल. ‘वस्तुता’चा घोटाळा वेगळा आहे. चित्रकार वासुदेव गायतोंडे, १९२४ साली नागपुरात जन्मलेले, स्वतःच्या चित्रांना अमूर्त म्हणवून घ्यायला राजी नसत. त्यांना जो शब्द हवा होता तो मराठीत ‘वस्तुनिरपेक्ष’ असा येतो. वस्तुनिरपेक्ष चित्राची वस्तुता म्हटलं की श्रोता पळालाच.

माझी पसंती ‘द्रव्य’ला आहे. वैशेषिकांच्या नऊ द्रव्यांत पृथ्वी-पाणी आहेत, काळ आणि दिशा आहेत, मन आहे आणि आत्माही आहे. आत्म्याला ज्या यादीत जागा आहे त्या शब्दाला अध्यात्माशी वैर कसं असेल? शिवाय शब्द वापरातला आहे. चित्रकार रंगाच्या पुडीला ‘रंगद्रव्य’ म्हणतात आणि यज्ञात टाकतात ते ‘हवनद्रव्य’. एक शब्द दोन्ही घरी नांदतो. धोका एवढाच की गावात द्रव्य म्हणजे पैसा, नाहीतर जुन्या वाड्यात पुरलेलं धन. सुरुवातीला एका वाक्यात खुलासा करा, हशाही मिळेल. मात्र त्याला ‘-ता’ लावू नका. ‘द्रव्यता’ घाईत ‘द्रवता’ वाचली जाते. नुसतं ‘द्रव्य’ पुरे.

बोलताना पृष्ठभागाचा मुद्दा आला की ‘पोत’ म्हणा. जमिनीचा पोत बिघडला हे शेतकरी रोज बोलतो, आणि त्याचा अर्थ नुसता वरचा थर नसतो हे त्याला ठाऊक असतं. (देवीपुढे पेटवतात तो पोत निराळा.) गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरायची, खरवडायची बोथट सुरी) वापरत, रंगाचे थर चढवत आणि काढत. त्या चित्रांतली शांतता लोक ध्यानाची म्हणतात, आणि झेन या बौद्ध विचाराकडे त्यांचा ओढा होताच. पण ती शांतता रंग चढवण्या-खरवडण्यातून तयार झालेली आहे. द्रव्य वजा केलं तर काही उरत नाही.

आजच्या कामांपैकी चित्रकार शीला गौडांचं सांगा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यांनी शेण हे कलेचं द्रव्य म्हणून वापरलं. पुढे कुंकवाने लाल केलेले, सुयांतून ओवलेले लांबच लांब दोरे. शेण सारवणाला, गोवरीला आणि पूजेलाही लागतं हे तुमच्या श्रोत्यांना सांगावं लागणार नाही. त्यांना एवढंच विचारा, की ते यातल्या कोणत्या वेळी भौतिक असतं आणि कोणत्या वेळी आध्यात्मिक. बुवांना पहिल्या रांगेत बसवा, उत्तर तेच देतील.

तेव्हा फळ्यावर ‘आजचं अमूर्त चित्र: द्रव्य आणि अध्यात्म’ असं लिहा. एक शुद्धलेखनाचं: नाम ‘अध्यात्म’, विशेषण ‘आध्यात्मिक’. ‘आध्यात्म’ आणि ‘अध्यात्मिक’ दोन्ही चूक, आणि पत्रिका छापणारा या दोन्हींपैकी एक तरी करतोच. प्रूफ स्वतः बघा.