धरणातला मासा काय खातो, आणि मुलीचं पोट कशावर भरेल?

भांडुपहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. थोडक्यात देते:

‘मी महापालिकेच्या जलविभागात चावीवाला आहे. मुलगी एस.वाय. बी.एस्सी.ला, विषय प्राणीशास्त्र. गेल्या पावसाळ्यात शहापूरला मामाकडे वलगणीचे, म्हणजे पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढून येणारे, मासे आले. मामी ते साफ करत होती, तर ही शेजारी बसून एकेकाच्या पोटात काय निघतं ते वहीत लिहीत बसली. तेव्हापासून तेच चालू आहे. आता म्हणते, धरण बांधलेल्या नदीतले मासे काय खातात यावरच पुढे शिकायचं. फ्रीजमध्ये माशांची आतडी ठेवते, त्यावरून आईशी रोज वाजतं. मी तिला बँकेच्या परीक्षेचा क्लास लावणार आहे. मासा काय खातो ते बघून माणसाचं पोट भरतं का, एवढंच सांगा.’

नमस्कार दादा,

भरतं, पण उशिरा. किती उशिरा ते खाली सांगते, तोवर क्लासची फी भरू नका.

आधी तिचा विषय काय आहे ते बघू. तो समजायला मुंबईत तुमच्याइतका जवळचा माणूस मिळणार नाही. तुम्ही एका गल्लीची चावी पहाटे चारला फिरवता आणि साडेपाचला बंद करता. तेवढ्या दीड तासाभोवती त्या गल्लीचा सगळा दिवस बांधलेला असतो. बायका चारला उठतात, पिंपं भरतात, धुणं तेव्हाच उरकतात. उद्या तुम्ही वेळ बदललीत तर आख्ख्या गल्लीचं वेळापत्रक बदलेल. धरण म्हणजे नदीला बसवलेली चावी, आणि त्या वेळापत्रकावर जगणारी गल्ली म्हणजे मासे. पाण्याची वेळ, वेग आणि गारवा बदलला की त्यांच्या ताटात काय पडणार तेही बदलतं. तुमची मुलगी हेच मोजायचं म्हणते आहे.

एक उदाहरण सगळ्या मुंबईकरांना माहीत असलेलं. कोलाडला राफ्टिंगला जाणाऱ्यांना सकाळीच का जावं लागतं? मुळशीचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं आणि तिथून कुंडलिकेत सुटतं. पाणी सुटलं की नदी फुगते, मग ओसरते. रोज असं चढउतार होणाऱ्या नदीत काठाचा जो दगड सकाळी पाण्याखाली असतो तो संध्याकाळी उघडा पडतो. त्यावरचं शेवाळ वाळतं, चिकटून बसलेल्या किड्यांच्या अळ्या मरतात. आपल्याकडे मळ्या नावाचा छोटा मासा आहे. त्याचं तोंड खालच्या बाजूला असतं आणि तिथल्या चकतीने तो दगडाला धरून राहतो आणि शेवाळ खरवडून खातो. त्याच्यासाठी हे म्हणजे ताट वाढायचं आणि घास घ्यायच्या आत उचलून न्यायचं.

धरणाच्या वरच्या अंगाला गोष्ट वेगळी. वाहतं पाणी थांबून तळं होतं, गाळ खाली बसतो, दगड त्यात गाडले जातात. मळ्याची पंचाईत होते. पण थांबलेल्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे तरंगते जीव, म्हणजे प्लवंग, वाढतात आणि ते गाळून खाणाऱ्यांचं फावतं. नवं धरण भरतं तेव्हा पहिली काही वर्षं तर मेजवानीच असते: बुडालेली झाडं, गवत, शेतातली माती, सगळं कुजून पाण्यात उतरतं आणि मासे भराभर वाढतात. मग हा साठा संपतो आणि उत्पादन घसरतं. लोक म्हणतात ‘पूर्वी इथे काय मासा होता!’ त्यात आठवणींचा गोडवा असतोच, पण शास्त्रही असतं.

आता याला पैसे कोण देतं? आपल्या राज्यात मोठी धरणं देशात सर्वांत जास्त आहेत. बहुतेक जलाशयांत मासेमारी ठेक्याने किंवा सहकारी सोसायट्यांमार्फत चालते आणि दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, सोडावी लागते. कटला वरच्या थरात खातो, त्याचं तोंड वर वळलेलं. रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. ज्या जलाशयात प्लवंग कमी तिथे कटल्याची बोटुकली ओतत राहिलात तर सोसायटीचे पैसे पाण्यात जातात, शब्दशः. शिवाय चिलापी आहे. हा आफ्रिकेतला मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला, आणि मिळेल ते खाऊन तो आता उजनीपासून खाडीपर्यंत सगळीकडे आहे. स्थानिक माशांच्या ताटात तो किती हात घालतो, हे दोघांची पोटं तपासल्याशिवाय कळत नाही.

प्रत्यक्ष काम कसं असतं तेही ऐका, कारण माझ्याकडे येणाऱ्या मुलांना ते बोटीतून दुर्बीण लावून फिरण्यासारखं वाटतं. खरं काम पहाटे जाळं उचलण्यापासून सुरू होतं. जाळं रात्रभर पाण्यात राहिलं तर अडकलेल्या माशाच्या पोटातलं सगळं पचून जातं, कधी मासा ओकून टाकतो, आणि हाती येतं रिकामं पोट. म्हणून जाळं दर थोड्या तासांनी बघायचं, मासा मोजायचा, तोलायचा, आतड्याची लांबी घ्यायची. शाकाहारी माशाचं आतडं शरीराच्या कित्येक पट लांब आणि वेटोळं, तर मरळ किंवा शिंगाळ्यासारख्या शिकाऱ्याचं आखूड. मग सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास अर्धवट पचलेला लगदा: हे शेवाळ, हा किड्याचा पाय, ही वाळू. कोणता घटक किती वेळा आणि किती प्रमाणात सापडला यावरून त्याचं महत्त्व काढायचं एक सूत्र १९६१ मध्ये नटराजन आणि झिंगरन या आपल्याच शास्त्रज्ञांनी मांडलं. ते अजून वापरतात. एका विद्यार्थिनीला तळ्यातल्या माशांच्या पोटात वारंवार पांढरा लगदा सापडे. महिनाभर डोकं खाजवल्यावर कळलं, ती गळाला लावलेली कणीक होती!

पोटात सापडतं ते फक्त शेवटचं जेवण. गेल्या काही महिन्यांत मासा कशावर वाढला ते त्याच्या स्नायूंतल्या नायट्रोजन आणि कार्बनच्या जड-हलक्या अणूंच्या प्रमाणावरून कळतं. अन्नसाखळीत एकेक पायरी वर गेलं की जड नायट्रोजनचं प्रमाण थोडं वाढतं. हे तंत्र आणि संख्याशास्त्र ज्याला येतं त्याला या क्षेत्रात काम मिळतं. नुसतं माशांवर प्रेम असणारे पुष्कळ आहेत.

आता रस्ता. इथे एक गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नसणार. मासे शिकायची दोन दारं आहेत आणि ती आतून एकमेकांना फारशी जोडलेली नाहीत. एक दार मत्स्यशास्त्राचं: बारावीनंतर सीईटी देऊन चार वर्षांची बी.एफ.एस्सी., त्यासाठी रत्नागिरी, नागपूर, उदगीर इथे महाविद्यालयं. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था तुमच्यापासून घाटकोपरला मेट्रो बदलली की तासाभरावर. १९६१ मध्ये सुरू झाली, १९८९ पासून अभिमत विद्यापीठ आहे. पण तिथल्या एम.एफ.एस्सी.ला मुख्यतः हीच बी.एफ.एस्सी. लागते. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यातल्या अधिकारीपदांच्या जाहिरातींतही या पदवीवर भर असतो. तुमची मुलगी दुसऱ्या दारातून, प्राणीशास्त्रातून आत आली आहे. दोन वर्षं झाल्यावर मागे फिरून पुन्हा पहिल्या वर्षाला बसावं असं मी म्हणणार नाही. पण खात्यातल्या नोकरीची आशा धरून बसू नका. ती असेल तर आत्ताच सोडा.

तिचा रस्ता परिसंस्थाशास्त्राचा, म्हणजे जीव आणि त्यांचा परिसर यांच्या नात्याच्या अभ्यासाचा. बी.एस्सी. चांगल्या गुणांनी, मग एम.एस्सी. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने खास गोड्या पाण्याच्या परिसंस्थेवरचा एम.एस्सी. अभ्यासक्रम काढला आहे. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रात वन्यजीवशास्त्राचा अभ्यासक्रम आहे, त्यात दर दोन वर्षांनी प्रवेश होतात. दोन्हीकडे जागा मोजक्या आणि प्रवेश परीक्षा कडक, त्यामुळे मुंबई विद्यापीठात प्राणीशास्त्राचं एम.एस्सी. हा पर्याय उघडा ठेवायचाच. त्यानंतर नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. हा दर २०२३ पासूनचा. ती मिळाली की पीएच.डी.चा खर्च तुमच्या खिशातून जात नाही. मात्र पैसे दोन-तीन महिने उशिरा येणं नवीन नाही, तेवढी शिल्लक घरात हवी.

पुढे काम कुठे? बराकपूरची केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्था नद्या आणि जलाशयांवरच काम करते. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, फोर्टला १८८३ पासूनची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. महाविद्यालयात प्राध्यापकी आहे. आणि पर्यावरण सल्लागार कंपन्या आहेत: धरण किंवा जलविद्युत प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी हवी तर नदीतल्या जीवांचा अहवाल द्यावा लागतो आणि तो लिहायला माणूस लागतो. तिथे पगार लवकर सुरू होतो. मात्र चार दिवसांत नदी बघून अहवाल लिहा म्हणणारेही भेटतात, आणि तेव्हा तिला नाही म्हणता यायला हवं.

एकूण हिशेब: आजपासून सात-आठ वर्षांनी स्थिर नोकरी, मध्ये प्रकल्पांवरची कंत्राटी कामं, प्रकल्प संपला की कामही संपलं. घरावर कर्ज असेल किंवा पाठीमागे धाकटं भावंड शिकत असेल तर हे गणित बसतं का ते तुम्ही दोघांनी कागदावर मांडा, तिच्यासमोर. पत्रात तुम्ही हे लिहिलेलं नाही, पण बँकेचा क्लास तिथूनच आला असावा. बँकेची परीक्षा वाईट नाही. ती एम.एस्सी.नंतरही देता येते, तोवर वय निघून जात नाही. दोन्ही एकाच वर्षी मात्र नको. अशी मुलं माझ्याकडे येतात तेव्हा दोन्ही अर्धवट झालेलं असतं.

तिने आत्ता काय करावं? मामाचं गाव सोडू नये. तिथे पाण्यात हात घालून मासा ओळखणारे कातकरी आणि ठाकर आहेत, आणि ती त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलू शकते. तिला सांगा, कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं छापली तेव्हा शास्त्रीय नावं इथल्या लोकांच्या तोंडातून उचलली. म्हणून आजही जगभरच्या पुस्तकांत गारा मुल्या म्हणजे आपला मळ्या, मिस्टस सींगटी म्हणजे शिंगटी, आणि टॉर खुद्री हा महसीर आहे. वर्षभर दर महिन्याला एकाच ठिकाणचे, एकाच जातीचे वीस मासे कोळ्याकडून विकत घ्यायचे, आतड्याची लांबी आणि आतलं सामान लिहायचं, पावसाळा आणि उन्हाळा ताडून बघायचं. मारायला नाही, बाजारात आलेले मेलेलेच घ्यायचे. विहारसारख्या राष्ट्रीय उद्यानातल्या तलावाकडे परवानगीशिवाय फिरकायचं नाही. बाकी मिठी नदीच्या उगमाशीच हे विहारचं धरण आहे, १८६० सालचं, म्हणजे धरण घातलेली नदी बघायला मुंबईबाहेर जायला नको! सोबत संख्याशास्त्राचा एक पेपर आणि संगणकावर आर ही आकडेमोडीची भाषा शिकून घ्यायची. मुलाखतीत ही वर्षभराची वही टेबलावर ठेवता आली तर बरेच प्रश्न विचारलेच जाणार नाहीत.

एकदा तुमच्या सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर शहापूरला जा आणि चावी, व्हॉल्व्ह, दाब, सोडायच्या वेळा हे तिला सांगा. धरणातून पाणी कधी आणि का सुटतं हे जीवशास्त्राच्या मुलांना बहुधा माहीत नसतं.

राहिला फ्रीज. इथे मी वहिनींच्या बाजूने आहे. आतडी घट्ट झाकणाच्या वेगळ्या डब्यात, वर तारीख आणि गावाचं नाव, फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात, आणि महिनाअखेर कॉलेजच्या प्रयोगशाळेत. फॉर्मालिन मात्र घरात अजिबात आणू देऊ नका, ते विषारी आहे. त्याची बाटली प्रयोगशाळेतच राहू दे.