रडणाऱ्या आयांमध्ये बसून ती आणखी खचणार नाही ना?

बाळंतपणानंतरच्या नैराश्यातून जाणाऱ्या आईला तिच्यासारख्याच आयांच्या गटात पाठवा असे सुचवले, की घरच्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. दीड महिन्याच्या बाळाला घेऊन आलेल्या एका जोडप्याच्या बाबतीतही (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) नवऱ्याने तोच विचारला, आणि सासूबाईंनी, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं," अशी जोड दिली.

बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात आईला येणारे रडू साधारण पंधरवड्यात ओसरते. हिचे वाढत गेले होते. बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्यासाठी 1987 मध्ये तयार झालेली एडिनबरा प्रश्नावली 10 प्रश्नांची असून मागच्या 7 दिवसांविषयी विचारते. स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीच्या शेवटच्या प्रश्नाला तिचे उत्तर 'कधीच नाही' असे होते. तिथे होकार असता तर गटाचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले असते. तरीही एकूण गुण जास्त, म्हणजे नैराश्याची शक्यता दाखवणारे असल्याने तिची मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली, आणि स्तनपान सांभाळून देता येणारे औषध त्यांनी सुरू केले.

नवऱ्याची भीती अगदीच निराधार नव्हती. सगळ्याच जणी एकाच वेळी गाळात असतील आणि बोलणे सावरणारे कोणी नसेल, तर गट खरोखरच जड होतो. म्हणून नैराश्यातून बाहेर पडलेल्या, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या एक-दोघी आमच्या गटात असतातच. गोव्यात वस्तीतल्याच प्रशिक्षित आयांनी नैराश्य असलेल्या गरोदर स्त्रियांना बाळंतपणानंतरही दिलेल्या आधाराचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. ते काम गटात नव्हे, मुख्यतः घरी जाऊन केलेले होते, पण आधार देणारी बाई तज्ज्ञच असावी लागते असे नाही, एवढे त्यातून दिसते.

पहिल्या बैठकीत ती दुपट्याची घडी घालत आणि मोडत गप्प बसली होती. चालू लागलेल्या मुलाची एक आई सांगत होती, की बाळ रडू लागले की ती न्हाणीघरात नळ सोडून बसायची. तेव्हा हिने विचारले, "पाजताना तरी माया वाटायची का?" "नाही. घड्याळाकडे बघायचे. माया नंतर आली, हळूहळू." हा प्रश्न तिने मला कधीच विचारला नव्हता, आणि माझ्या तोंडून आलेले उत्तर तिला बहुधा पुस्तकी वाटले असते.

नवराही नीट झोपत नव्हता. वडिलांनाही हे नैराश्य येऊ शकते, हे सहसा कोणी सांगत नाही. त्याला गटातल्या एका वडिलांशी फोन जोडून दिला. औषध अजून चालू आहे आणि ते कधी थांबवायचे हे डॉक्टरच ठरवतील. बाळाची आंघोळ आणि शेक आटोपून सुनेला निघता यावे म्हणून सासूबाईंनी बैठकीची वेळ पुढे सरकवण्याची विनंती केली, आणि आम्ही अकराऐवजी बारा केले.