तळहात सुजवून काँगो वाजत नाही

गणेशोत्सव आणि नवरात्रातले कार्यक्रम आटोपले, की काँगो या हातांनी वाजवायच्या उंच क्यूबन ढोलाविषयीच्या पत्रांचा ओघ वाढतो. पत्रे निरनिराळी असली तरी गोंधळ बहुधा एकच असतो : आवाज हवा असेल तर जोर लावावा, असा समज. त्यांतली काही पत्रे आज घेतली आहेत.

प्रश्न : अनेक वर्षे तबला वाजवतो. आता ऑर्केस्ट्रात काँगोवर बसलो आहे, पण ओपन टोन (मोकळा, घुमणारा आघात) बद्द येतो. तर्जनी अधिक वापरावी का? – सांगली

उत्तर : वापरू नये. तबल्याचा ‘ना’ तर्जनीने किनारीवर निघतो आणि तीच सवय हात काँगोवर घेऊन येतो. काँगोच्या ओपन टोनमध्ये चारही बोटे जुळलेली असतात आणि अंगठा कडेपासून दूर असतो. बोटांच्या मुळाशी असलेली मांसल गादी कडेवर टेकते आणि तिच्यापुढची बोटे पानावर, म्हणजे ताणलेल्या कातड्यावर, सपाट पडून त्याच क्षणी उसळून वर येतात. ती किंचित जरी रेंगाळली तरी पानाचे कंपन दबते, आणि तुम्ही म्हणता तो बद्दपणा तिथूनच येतो. एकट्या तर्जनीचे पेर कडेवर आदळत राहिले, तर टोन तर मिळत नाहीच, वर सांधा दुखावतो. हात प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय याहून अधिक सांगणे बरोबर नाही. लॅटिन तालवाद्यांची तालीम घेतलेल्या शिक्षकांसमोर एकदा वाजवून दाखवा.

प्रश्न : अंगठी घालून वाजवले तर चालते का? – नाशिक

उत्तर : नाही.

प्रश्न : तुंबाओमध्ये (काँगोच्या मूळ ठेक्यात) डाव्या हाताची टाच-बोटे, म्हणजे तळहाताची टाच आणि बोटे आळीपाळीने टेकवणे, प्रेक्षकांना ऐकूच जात नाहीत. ती गाळून फक्त स्लॅप (फटकारल्यासारखा तीक्ष्ण आघात) आणि ओपन वाजवले तर काय बिघडते? – ठाणे

उत्तर : ठेकाच बिघडतो. तुंबाओचे आठ आघात असे : डावी टाच, डावी बोटे, उजवा स्लॅप, डावी बोटे, पुन्हा डावी टाच, डावी बोटे आणि शेवटी उजव्या हाताचे दोन ओपन. स्लॅप दुसऱ्या मात्रेवर पडतो, ओपनची जोडी चौथ्या मात्रेवर सुरू होते, आणि मधली सगळी जागा डावा हात भरतो. 1940च्या सुमारास आर्सेनिओ रोद्रिगेस यांनी क्यूबातल्या आपल्या वाद्यवृंदात हे वाद्य आणले आणि सोन या क्यूबन नृत्यसंगीताचा तोल बदलला. त्या संगीतात काँगोचे काम चाल अखंड ठेवण्याचे आहे. डाव्या हाताची ती झुलती हालचाल थांबली, की ओपन हमखास घाईत पडतात. महिनाभर फक्त डाव्या हाताची टाच-बोटे वाजवा, तीही मेट्रोनोमबरोबर आणि अगदी हळू.

प्रश्न : आमच्याकडचे जुने वादक सांगतात, की हात फुटून घट्टे पडल्याशिवाय स्लॅप लागत नाही. तळहात सुजतो, म्हणून रात्री मिठाच्या पाण्यात बुडवतो. एका लग्नातल्या कार्यक्रमानंतर लघवी लालसर झाली, पण दुसऱ्या दिवशी थांबली. दोन महिन्यांपासून करंगळीला मुंग्या येतात. अजून थोडे थांबून पाहावे का? – चिपळूण

उत्तर : थांबू नये, दोन महिने थांबलात हेच फार झाले. मी वादन शिकवतो, निदान करत नाही, म्हणून आधी डॉक्टरांकडे जा आणि लालसर लघवीची गोष्ट त्यांना स्वतःहून सांगा. हाताने दीर्घकाळ जोरात वाजवणाऱ्यांमध्ये हा प्रकार आढळतो. उरुग्वेतल्या कांदोंबे या पारंपरिक ढोलवादनाच्या वादकांमध्ये त्याची वैद्यकीय नोंद झालेली आहे. सततच्या आघातांनी तळहाताच्या रक्तवाहिन्यांमधल्या लाल पेशी फुटतात आणि त्यांतले हिमोग्लोबिन लघवीवाटे बाहेर पडते. विश्रांतीने ते बहुधा थांबते, पण म्हणून मूत्रपिंडाची तपासणी टाळण्याचे कारण नाही, शिवाय रंग दुसऱ्याच कशामुळे आला असेल तर ते डॉक्टरांनाच कळेल. मुंग्यांचेही तसेच. तळहाताच्या टाचेपाशी, करंगळीच्या बाजूने, मज्जातंतू आणि धमनी फारशा संरक्षणाविना जातात. बोट गार किंवा पांढरे पडू लागले, तर त्याच दिवशी दाखवा. मिठाच्या पाण्याने यातले काहीही बरे होत नाही.

आता स्लॅप. तो जोराने लागत नाही. ओला टॉवेल झटकताना मनगट सैल असते आणि टोक शेवटच्या क्षणी वेगाने येते, तसा हा आघात आहे. तळहात किंचित खोलगट, बोटे अर्धवट वळलेली आणि सैल. गादी कडेला टेकताच बोटांची टोके पानावर फटकन पडतात. ती तिथेच राहिली तर बंद स्लॅप, उसळली तर उघडा. ओपन टोनइतक्याच हळू आवाजात स्लॅप निघतो का, हे पाहा. निघत नसेल तर तुम्ही अजून ताकदीनेच वाजवत आहात. लग्नाच्या मांडवात डीजेच्या भिंतीशेजारी स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून वादक हात आपटत सुटतो. तिथे काँगोला माइक आणि वादकाला मॉनिटर (स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) द्यायला हवा, आणि ते आयोजकांकडून मागून घेण्यात कमीपणा नाही. घट्टे सरावाने थोडेफार येतात, पण फुटलेला हात हा तयार हात नव्हे, जुने वादक काहीही सांगोत.

प्रश्न : हात टणक करणारे क्रीम, वादनाचे हातमोजे आणि ‘सात दिवसांत स्लॅप’ हा ऑनलाइन कोर्स, यांपैकी काय घ्यावे? – पुणे

उत्तर : काहीही घेऊ नये. त्या पैशांत चांगल्या शिक्षकांच्या काही शिकवण्या होतील.

प्रश्न : कोकणातल्या पावसात पान उतरते आणि मग जास्त जोर द्यावा लागतो. काय करावे? – रत्नागिरी

उत्तर : जोर देऊ नका, पान चढवा. पूर्वी क्यूबात पान खिळ्यांनी ठोकलेले असे आणि वाजवण्याआधी जाळावर शेकून ताणले जाई. आता बोल्ट आहेत, तेव्हा पान्याने प्रत्येक बोल्ट थोडाथोडा, सगळीकडून सारखा फिरवा आणि वाजवून झाल्यावर पुन्हा सैल करा. सतत दमट हवेत वाजवायचे असेल तर सिंथेटिक पानाचा विचार करायला हरकत नाही. लोखंडी कडी पानाच्या पातळीच्या वर आली असेल, तर मात्र वाजवणे थांबवा आणि पान दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडून नीट बसवून घ्या, कारण तसे ठेवल्यास हात प्रत्येक वेळी लोखंडावर पडतो.

प्रश्न : एकच काँगो घेऊन बसून वाजवतो. बास (खोल, खर्जातला आवाज) घुसमटल्यासारखा येतो. तळहात आणखी आत टाकावा का? – पणजी

उत्तर : तळहात मध्यावर पडत असेल तर ती जागा बरोबर आहे. वाद्य जमिनीवर सपाट ठेवल्यामुळे खालचे तोंड बंद होते. ते गुडघ्यांत धरून पुढे थोडे कलते करा.