व्हॉलंटरीइझम आणि अनार्को-कॅपिटॅलिझम: अर्थ एकच का?

निपाणीहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेची तयारी करताना त्यांना ‘व्हॉलंटरीइझम’ आणि ‘अनार्को-कॅपिटॅलिझम’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले दिसले. हे चालतं का? आणि शेतकरी संघटनेच्या शरद जोशींना यातलं काय म्हणायचं?

सरळ उत्तर: चालत नाही. व्हॉलंटरीइझम माणसांनी एकमेकांशी वागताना पाळायची एक अट सांगतो. जे काही करायचं ते संमतीने, जबरदस्ती नको. अनार्को-कॅपिटॅलिझम तेवढ्यावर थांबत नाही. सरकार गेल्यावर कोणती व्यवस्था उभी राहील, हेही तो सांगतो: खासगी मालमत्ता, मुक्त बाजार, आणि पोलीस-कोर्टसुद्धा त्याच बाजारात.

आधी एक गफलत काढून टाकू. ‘व्हॉलंटरिझम’ हा तत्त्वज्ञानातला वेगळाच शब्द. बुद्धीपेक्षा इच्छाशक्तीला वरचं स्थान देणारी ती भूमिका, जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉअरच्या संदर्भात ती हमखास भेटते. आपल्या प्रश्नाशी तिचा संबंध नाही, तेव्हा लिहिताना ‘री’ दीर्घ ठेवा आणि त्यापुढचा ‘इ’ गाळू नका.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये, चर्च आणि शाळा सरकारी पैशावर नव्हे तर लोकांच्या देणग्यांवर चालाव्यात असं म्हणणाऱ्यांनी हा शब्द रूढ केला. ऑबेरॉन हर्बर्ट (1838–1906) यांनी तोच न्याय थेट सरकारला लावला. हे 1870 ते 1874 नॉटिंगहॅमचे खासदार होते, नंतर इंग्लिश विचारवंत हर्बर्ट स्पेन्सरच्या विचाराने झपाटले. (तोच स्पेन्सर, ज्याला आपले आगरकर वाचत होते.) सरकार असावं, त्याने चोर-दरोडेखोरांपासून रक्षण करावं, पण कर ऐच्छिक असावा, असं त्यांचं म्हणणं.

ऐच्छिक कर म्हणजे काय, ते बेळगावच्या कुठल्याही गल्लीत कळतं. गणपतीच्या आधी पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात येतात. त्यांच्या मनात पाचशे असतात, तुम्ही शंभरची नोट काढता. ‘एवढंच काय ओ काका?’ म्हणत पेन जरा घुटमळतं, पण शेवटी पावती शंभराचीच फाटते. न देणाऱ्याच्या घरावर जप्ती येत नाही. हर्बर्टना असं वर्गणीवर चालणारं सरकार हवं होतं. आता, त्या घुटमळणाऱ्या पेनात जी भीड असते ती जबरदस्ती नव्हे का? मला हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही, गल्लीत राहणाऱ्या कुणालाच वाटणार नाही. हर्बर्ट मात्र प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष जबरदस्ती वेगळी काढतात: बळाने रोखायचं ते बळालाच, भिडेचा बंदोबस्त कायद्याने करायचा नाही. विशेष म्हणजे ‘अनार्किस्ट’ (राज्यच नको म्हणणारा) हे नाव त्यांनी स्वतःला लावून घेतलं नाही. अमेरिकेतला अनार्किस्ट बेंजामिन टकर त्यांना आपल्यातलाच मानत होता, तरीही नाही.

इथेच दोन्ही शब्दांची वाट फुटते. अनार्को-कॅपिटॅलिझमचा मुख्य प्रवक्ता अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मरे रॉथबार्ड (1926–1995). त्याच्या लेखी कर म्हणजे चोरीच, आणि एका प्रदेशात संरक्षणाची मक्तेदारी ठेवणारं सरकार, वर्गणीवर चाललं तरी, नकोच. संरक्षण पुरवणाऱ्या अनेक कंपन्या असाव्यात, गिऱ्हाइकाने हवी ती निवडावी. ही कल्पनाही त्याच्या आधीची: बेल्जियन अर्थशास्त्रज्ञ गुस्ताव द मोलिनारी यांनी 1849 मध्ये ती मांडली होती. रॉथबार्डने तिला नैसर्गिक हक्कांचा पाया दिला. अमेरिकेतल्याच डेव्हिड फ्रीडमनने त्याच निष्कर्षाला हक्कांच्या वाटेने न जाता ‘परिणाम चांगले होतील’ या हिशेबाने गाठलं. अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकने 1974 मध्ये उलटा आक्षेप घेतला: या कंपन्यांतली एक सर्वांत बळकट होईल आणि कुणाचा हक्क न मोडता तीच छोटं राज्य बनेल. माझ्या मते हा आक्षेप अजून पुरता परतवला गेलेला नाही.

आजचा व्हॉलंटरीइझम मात्र हर्बर्टचा उरलेला नाही. 1982 मध्ये कार्ल वॉटनर, जॉर्ज स्मिथ आणि वेंडी मॅकेलरॉय यांनी अमेरिकेत हा शब्द पुन्हा उचलला. त्यांना सरकारच नको होतं, म्हणजे त्या बाबतीत ते रॉथबार्डच्या बाजूला गेले. भांडण झालं ते निवडणुकीवरून. वॉटनर आणि मंडळींचं म्हणणं: मत देणं म्हणजेच दुसऱ्यावर सत्ता चालवायला हात लावणं, म्हणून निवडणूक लढवायची नाही. राज्य टिकतं ते लोकांच्या होकारावर, तो काढून घ्या. रॉथबार्डला मात्र पक्षीय राजकारणात उतरण्याचं वावडं नव्हतं. ताजं उदाहरण हवं तर अर्जेंटिनाचे हावियेर मिलेई बघा. स्वतःला अनार्को-कॅपिटॅलिस्ट म्हणवतात आणि 2023 ची निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झाले. वॉटनरच्या कसोटीला हे उतरत नाही.

उलट बाजूनेही ताडून पाहा. विनोबांचं भूदान 1951 मध्ये पोचमपल्लीला सुरू झालं, पुढे ग्रामदानात जमिनीची मालकीच गावाकडे सोपवायची होती. तीही कुणी बळजबरीने काढून घ्यायची नव्हती. संमतीची अट पाळली, पण भांडवलशाहीचा पत्ता नाही. म्हणून पहिल्या शब्दात दुसरा आपोआप येतो असं धरू नये.

मराठीत लिहायचं तर ‘स्वेच्छावाद’ आणि ‘भांडवली अराज्यवाद’ असं मी लिहीन. ‘अराजक’ टाळावं, कारण ते वाचलं की डोळ्यांपुढे दंगल येते.

राहिले शरद जोशी. 1981 च्या निपाणीच्या आंदोलनात तंबाखूला रास्त भाव मागत शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, गोळीबारात माणसं गेली. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही शेतकरी संघटनेची घोषणा बाजाराच्या बाजूची जरूर आहे. पण जोशींनी 1994 मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला, 2004 ते 2010 राज्यसभेत बसले. सरकार आखूड करा म्हणणारे ते उदारमतवादी. त्यांना यातलं एकही लेबल लावू नका. स्पर्धेत समोरच्याने पहिलं लावलं तर राज्यसभेची ही सहा वर्षं त्याच्यापुढे ठेवा, दुसरं लावलं तर हे ‘आखूड’: आखूड म्हणजे नाहीसं नव्हे.