'रिक्षा'तला माणूस कुठे गेला?

एका वाचक भगिनीने विचारलं आहे: इझाबेला बर्ड या इंग्रज बाईंचं जपानचं प्रवासवर्णन वाचताना 'कुरुमा' हा शब्द पानोपानी भेटतो. कुरुमा म्हणजेच रिक्षा का? आणि 'रिक्षा' हा शब्द 'रक्षा'वरून आला, प्रवाशाचं ऊनपावसापासून रक्षण करते ती रिक्षा, असं मला एका शिक्षकांनी सांगितलं, ते खरं का? काही उतारे मराठीत करायचे आहेत, म्हणून हे विचारते आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ही 'रक्षा' फार दिवस कानाशी गुणगुणते आहे. खरं नाही. अजिबात नाही. ऊनपावसापासून छत्रीही रक्षण करते आणि घोंगडीही करते, त्यांना कोणी रिक्षा म्हटलं नाही. मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती 1857 साली निघाली तेव्हा ही गाडी जगाच्या पाठीवर कुठेच नव्हती. शब्दाचा जन्म जिथे झाला तिथे जाऊन न बघता घरबसल्या संस्कृत धातू चिकटवायचा, ही आपली जुनी खोड आहे आणि तिला व्युत्पत्ती म्हणणं थांबवलं पाहिजे.

शब्द जपानी आहे: जिन-रिकी-शा. जिन म्हणजे माणूस, रिकी म्हणजे बळ, शा म्हणजे गाडी. माणसाच्या बळावर चालणारी गाडी. 1870 मध्ये तोक्योत तिघा जणांनी ही गाडी करण्याची आणि चालवण्याची रीतसर परवानगी घेतली. योकोहामातल्या एका अमेरिकन मिशनऱ्याने आजारी बायकोसाठी ती पहिल्यांदा बनवली, अशीही एक कथा आहे आणि काही इंग्रजी लेखक ती फार प्रेमाने सांगतात. गाडी कोणीही बनवलेली असो, नाव जपान्यांनी ठेवलं, आणि इथे प्रश्न नावाचा आहे.

आता इझाबेला बर्ड. 1878 च्या मे महिन्यात त्या योकोहामाला उतरल्या तेव्हा सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. पुस्तक 1880 मध्ये आलं, 'अनबीटन ट्रॅक्स इन जपान', बहुतेक सगळं बहिणीला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात. त्यांची नजर देवळांपेक्षा रोजच्या जगण्यावर जास्त टिकते, म्हणून मला त्या आवडतात. शिंबाशी स्थानकात आगगाडीतून दोनशे जपानी उतरतात तर या बाई त्यांच्या चारशे लाकडी खडावांचा एकत्र खडखडाट टिपून ठेवतात. निक्कोजवळ इरिमिचीत पहाटे सहाच्या सुमारास बारा-चौदा बाप्ये एका बुटक्या भिंतीवर ओळीने बसतात, प्रत्येकाच्या कडेवर दोन वर्षांच्या आतलं मूल, आणि जो तो आपलं पोर किती गुटगुटीत, किती हुशार हे बाकीच्यांना दाखवतो आहे, हे त्यांनी पाहिलं आणि लिहिलं. पिसवा, कागदी सरकत्या दारांच्या भोकांतून रोखलेले डोळे, उताऱ्याच्या घरात एकांताचा पत्ता नाही, या तक्रारीही आहेत. पण एकट्या बाईने इतक्या निर्धास्तपणे, कुणाच्या उद्धटपणाची भीती न बाळगता फिरावं असा दुसरा देश जगात नसेल, असंही त्यांनीच लिहून ठेवलं.

गाडीचं वर्णन त्यांनी आल्या आल्या केलं आहे. बाबागाडीसारखा हलका सांगाडा, तेलकागदाचं पाडता-उभारता येणारं छत, बसायला गादी, खाली सामानाचा कप्पा, दोन उंच सडपातळ चाकं आणि पुढे दोन दांड्या. ही गाडी सात वर्षांपूर्वी निघाली आणि एका शहरातच आता जवळजवळ 23,000 आहेत, असं त्या सांगतात. सपाटीवर चांगला ओढणारा दिवसाला चाळीस मैल पळतो. कुशल कारागिरापेक्षाही यात पैसा जास्त, म्हणून शेती सोडून धडधाकट तरुण हजारोंनी शहरात येतात, आणि या धंद्यात पडल्यावर माणूस सरासरी पाचच वर्षं जगतो असं लोक म्हणतात, हेही त्यांनी लगेच पुढे नोंदवलं.

आणि मग येते ती तळटीप, जिच्यासाठी मी हे पुस्तक पुन्हा पुन्हा उघडतो. बाई म्हणतात, यापुढे मी 'जिनरिकिशा' हा चिनी शब्द न वापरता 'कुरुमा' हा जपानी शब्द वापरणार. गाडी ओढणारे स्वतः कुरुमाच म्हणतात, आणि तो कानालाही गोड आहे. प्रवासी बाई, देशात येऊन थोडेच दिवस झालेले, भाषा येत नाही, आणि तरी पुस्तकी शब्द टाकून ओढणाऱ्याच्या तोंडचा शब्द उचलते! 'वृक्ष' आणि 'झाड' यांतला फरक तिला कानाने कळला होता. जपानी लिपीत गाडीचं चिन्ह एकच, पण चिनी वळणाने वाचलं तर 'शा' आणि घरच्या जपानी भाषेत वाचलं तर 'कुरुमा'. मूळ अर्थ चाक किंवा चाकाचं वाहन.

तरीही त्यांच्या तळटीपेतली एक गोष्ट मला मान्य नाही, आणि ती तशीच उचलणाऱ्या पुढच्या लेखकांची तर मुळीच नाही. 'जिनरिकिशा' हा शब्द चिनी नाही. त्याचे तिन्ही तुकडे चीनमधून शेकडो वर्षांपूर्वी जपानीत आले हे खरं, पण जोडणी जपानची. 'दूरदर्शन'चे दोन्ही तुकडे संस्कृत आहेत म्हणून कोणी कालिदासाच्या घरी टीव्ही होता असं म्हणत नाही. आणि पुरावाच हवा असेल तर चिन्यांनाच विचारा. ही गाडी चीनमध्ये गेली तेव्हा तिथल्या लोकांनी तिला 'तुंग-यांग-छ' म्हटलं, म्हणजे पूर्वसमुद्रापलीकडची, जपानची गाडी. स्वतःच्या शब्दाला, स्वतःच्या वस्तूला कोणी परदेशी म्हणेल का?

याहून गोड पुरावा शब्दाच्या पोटात आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. हीच तीन चिन्हं आजच्या बीजिंगच्या बोलीत वाचली तर साधारण 'रन-ली-छ' असं होतं. 'ली'! आपल्या 'रिक्षा'तले र आणि क दोन्ही तिथे नाहीत. ते कुठून आले? जुन्या चिनीत 'बळ' या अर्थाचा शब्द 'लिक' असा होता, शेवटी क. उत्तरेच्या चिनीने पुढे तो क गमावला, कँटनच्या बोलीने आजवर जपून ठेवला. जपान्यांनी शब्द घेतला तेव्हा क शाबूत होता. पण जपानी जिभेला शब्द नुसत्या क वर थांबवता येत नाही, म्हणून त्याला इ जोडली, आणि ल वेगळा उच्चारता येत नाही म्हणून त्याचा र झाला. लिक, मग रिकी. म्हणजे चौकात उभं राहून आपण "ए रिक्षा!" अशी हाक मारतो तेव्हा हजार वर्षांपूर्वीचा एक चिनी क आपल्या तोंडून बाहेर पडतो, जो खुद्द बीजिंगमध्ये कधीच पुसला गेला. हे सोडून कोणाला 'रक्षा' का हवी असते, मला खरोखर समजत नाही.

पुढचा प्रवास. बोलताना जपानी माणूस 'रिकिशा'मधली की जवळजवळ गिळतो, क आणि श यांच्यामधली इ नुसता श्वास होऊन जाते. परक्या कानाला 'जिनरिक्शा' ऐकू येतं. इंग्रजांनी तेच घेतलं आणि लौकरच पुढचं 'जिन' टाकून दिलं. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या 1886 च्या कोशात तर तो 'जेनीरिक्षॉ' या नावाखाली नोंदलेला आहे, जणू जेनी नावाच्या कुणा बाईची गाडी. सिमल्यात आणि इतर थंड हवेच्या ठिकाणी ती आता चालते, असंही त्या नोंदीत आहे. कोशकारांनी तिथे आपल्या एका मित्राची कोटीही छापली: माणूस-बळ-गाडी म्हणजे शब्दशः 'पुल-मन-कार'. आगगाडीच्या आलिशान पुलमन डब्यावर केलेली ही कोटी लोक आजही मोठ्या कौतुकाने सांगतात. मला ती आवडत नाही. ज्या शब्दात माणूस ओझ्याच्या जनावरासारखा दांडीला जुंपलेला आहे, तो कोटीचा विषय नाही. बर्डबाईंना ते कळलं होतं.

'जिन' गळालं ही घटना साधी नाही, असं माझं मत आहे. माणूस गळाला आणि उरलं 'रिकी-शा', नुसती बळाची गाडी. बळ कोणाचं, ते मोकळं राहिलं. म्हणून तर पुढे 'सायकलरिक्षा' म्हणता आलं, 'ऑटोरिक्षा' म्हणता आलं, आता 'ई-रिक्षा' म्हणता येतं. पूर्ण शब्द टिकला असता तर 'ऑटो-जिनरिकिशा' म्हणजे आपोआप चालणारी माणूसबळाची गाडी, असा वदतोव्याघात झाला असता. आणि आपल्याकडे उलट 'हातरिक्षा' असा शब्द करावा लागला, म्हणजे गळालेला माणूस दुसऱ्या दाराने परत घ्यावा लागला. माथेरानला मोटारींना बंदी, म्हणून तिथे माणसाने ओढायच्या हातरिक्षा कितीतरी काळ चालल्या. 1878 च्या तोक्योत बर्डबाईंनी पाहिलेली गाडी महाराष्ट्रात कुठे पाहायला मिळायची, तर ती तिथे.

आता लेखनाबद्दल, कारण त्यातूनच 'रक्षा'चा घोळ झाला आहे. हिंदीत 'रिक्शा' लिहितात, मराठीत 'रिक्षा'. हिंदी पाट्या बघून हल्ली आपल्याकडेही काही जण 'रिक्शा' लिहू लागले आहेत, वर तेच शुद्ध म्हणून आपल्याला सुनावतात. मराठीत 'रिक्षा'च बरोबर, आणि त्यामागे आपल्या भाषेची जुनी रीत आहे. परकं क्श, ख्श, क़्श मराठीच्या दारात आलं की ती दोनपैकी एक गोष्ट करते. एक तर मधे स्वर घालून जोडाक्षर फोडते, नाहीतर सरळ क्ष करून टाकते. अरबी 'नक़्श'च्या घराण्यातला 'नकाशा' पहिल्या वाटेने आला, 'नक्षी' दुसऱ्या वाटेने. फारसी 'बख़्शिश'चं आपण 'बक्षीस' केलं. नक्षी, बक्षीस, रिक्षा: एक अरबी, एक फारसी, एक जपानी, आणि तिन्ही क्ष लावून अशा बसल्या आहेत की जणू पाणिनीच्या ओळखीच्या. म्हणून लोक फसतात. क्ष दिसला की संस्कृत, हे समीकरण डोक्यातून काढून टाका. आणखी एक: इंग्रजीने शेवटी 'शॉ' केलं, आपण 'आ' ठेवला. म्हणजे मराठी 'रिक्षा' ही इंग्रजी शब्दापेक्षा मूळ जपानी उच्चाराला जवळची आहे.

बर्डबाईंचाच आणखी एक धागा. त्या गाडी ओढणाऱ्याला 'कुरुमाया' म्हणतात, उताऱ्याच्या घराला 'यादोया', चहाच्या घराला 'चाया'. तिन्हींतला 'या' एकच. घर, दुकान, आणि त्यावरून तो धंदा करणारा माणूस. आपल्या 'वाला'चं काम करतो. (कृपया आता 'गवया'तला 'या' आणि हा 'या' एकच, असं कोणी लिहून पाठवू नये. तो संस्कृत-प्राकृतातून आला आहे, हा जपानी आहे, दोघांची कधी गाठ पडलेली नाही.) आणि त्यांचा अठरा वर्षांचा दुभाष्या इतो तर माझ्याच जातकुळीचा. बाई सहज म्हणाल्या, "काय सुंदर दिवस आहे!" तर हा वही काढून विचारतो की परदेशी लोक बहुतेक वेळा जे सैतानाचं नाव घेऊन दिवसाला चांगलं म्हणतात, त्यापेक्षा हे इंग्रजी बरं का? बाईंनी सांगितलं, ते हलकं. चालता चालता शब्द पारखून घेणारा असा सोबती प्रवासात मिळणं हे भाग्यच.

तर तुमचा पहिला प्रश्न: कुरुमा म्हणजे रिक्षा का? बर्डबाईंच्या पुस्तकात होय, तीच माणसाने ओढायची गाडी. आजच्या जपानीत नाही. आज तोक्योत 'कुरुमा' म्हटलं की मोटारगाडी समजतात, आणि पर्यटकांना फिरवणारी ती जुनी गाडी 'जिनरिकिशा' याच नावाने ओळखतात. म्हणून आजचा जपानी कोश उघडून भाषांतर कराल तर 1878 साली बाई मोटारीतून निक्कोला गेल्या, असं होऊन बसेल.

माझं ऐकाल तर भाषांतरात त्यांचाच क्रम ठेवा. सुरुवातीला जिनरिकिशा, त्या तळटीपेनंतर कुरुमा. बाईंनी शब्द जाणूनबुजून बदलला आहे, तो आपण पुसायचा नाही. 'कुरुमाया'ला मात्र 'रिक्षावाला' करू नका. मराठी वाचकाला लगेच मीटर आणि खाकी शर्ट दिसेल. तोक्योहून निक्कोपर्यंत नव्वद मैल तीन दिवसांत त्यांना नेणारी ती माणसं वेगळी होती. त्यांच्यातला एक वाटेत आजारी पडला तर त्याने बोलीला जागून स्वतःच बदली माणूस दिला आणि आजाराच्या नावाने वर एक पैसा मागितला नाही. बाकीचे वाटेत त्यांच्या कपड्यांवरची धूळ झटकत, फुलं आणून देत, आणि निरोप घ्यायला आले ते अझेलियाच्या फांद्या घेऊन. 'कुरुमाया' तसाच ठेवा, नाहीतर 'गाडी ओढणारा' म्हणा.